तळ दिसणारं पाणी

न्हाय न्हाय, अशी उभ्या उभ्या चौकशी करतात काय — बसा. तिकडं न्हाय, ह्या बाजूला, उजव्या — हां, इथं. डावा कान गेलाय माझा. तिकडून तुमी कायबी बोललात तर मी नुसती मान हलवीन, आन् तुमाला वाटंल बाळाराम सगळ्याला हो बोलतोय. आता बोला. अंबाडीवरून मोटरसायकलवर आलात? त्या रस्त्यावरून? मंग पयलं पाणी प्या, कंबरेचा भुगा झाला असंल. तर — मनोज शेठच्या प्रितमची चौकशी. पोरगी तुमची? — भावाची. आन् भाऊ? — अरे अरे. कवा? — म्हंजे तुमीच बाप तिचे आता. मंग तर नीट बघूनच द्यायला पायजे. स्वतःच्या पोरीला खड्डा लागला तर माणूस नशीब बोलतो, पण भावाच्या पोरीला लागला तर लोक तुमचंच नाव घेतील. बरं केलंत विचारायला आलात. आन् माझ्याच दारात आलात, हे त्याहून बरं केलंत.

मी वाईट कशाला सांगू? समोरासमोरची घरं, सुतकाला-लग्नाला एकमेकांच्या दारात जाणारी माणसं आमी. चांगलं घर हाय. ते बगा, निळ्या काचा लावल्यात ते — तीन मजली, लिफ्ट हाय आत, तिघांना लिफ्ट लागते. मागं दोन गोदामं, पलीकडं दापोड्याच्या वेशीपर्यंत आणखीन चार. पोरगा शिकलेला, दिसायला बी बरा, दारू न्हाय, तंबाखू न्हाय. मटण खातो तेवढंच. मंग अडलंय कशात, तेच विचारायचं ना तुमाला? एकोणतीस वर्साचा पोरगा, एवढं घर, आन् लगीन जमत न्हाय. अंबाडीपर्यंत मुली शोधत जावं लागतंय. तुमच्याबी मनात आलं असंलच, आल्याशिवाय तुमी चार घरं विचारत फिरला नसता. शहाणे हायात तुमी.

आता मनोज शेठ माझ्या आजच्या ओळखीचा न्हाय. गोदामं आत्ता आली, त्याच्या आधी ह्या शेठची रेतीची होडी होती खाडीत, काल्हेरच्या अंगाला. आन् मी त्या होडीवर डुबी मारायचो. म्हाईत हाय का डुबी? न्हाय म्हाईत, अंबाडीकडं खाडी कुठली. होडी मधोमध उभी करायची, लांब बांबू तळात रोवायचा, आन् त्या बांबूला धरून बादलीसकट खाली जायचं. तीस फूट, पस्तीस फूट. नाकातोंडात काय न्हाय, डोळ्यावर काय न्हाय, आपला जीव छातीत कोंडून घ्यायचा. खाली सगळा अंधार. चिखल नुसता, डोळे उघडले काय आन् मिटले काय. हातानं रेती बादलीत लोटायची, दोराला हिसका द्यायचा, वरचे दोघं बादली ओढतात, मंग आपण वर. आन् खाली असताना आकडे मोजायचे. एक, दोन, तीन — आकड्यावर कळतं वर किती वेळानं जायचं, न्हायतर भान जातं माणसाचं. दिवसाला दीडशे-दोनशे डुब्या. सोळाव्या वर्सापासून बावीस वर्सं केलं मी ते, रेतीवर बंदी येईपर्यंत. अजून विसरलो न्हाय. गेल्या गणपतीला विसर्जनाच्या घाटावर एका माणसाचा मोबाईल पडला — चांगला महागातला — सगळी तरणी पोरं काठावर नुसती वाकून बघत होती, मी सदरा काढला आन् तिसऱ्या डुबीला वर आणून दिला. बासष्टावं लागलंय मला. काय समजलात.

कान? कान तिथंच गेला. एका सकाळी कानातून रक्त यायला लागलं. मी शेठला बोललो, आज न्हाय जात खाली, ठणकतोय. शेठ होडीच्या कडेवर बसलेला, पाय पाण्यात सोडून, चणे खात होता. बोलला, "बाळ्या, माणसाला कान दोन असतात. एक गेला तर एक हाय." आन् हसला. सगळी होडी हसली. मी बी हसलो बगा — त्या वक्ताला हसायचंच असतं. आन् गेलो खाली. खाली फट करून आवाज झाला, डोक्यात कुणी फळी मोडली असं. त्यानंतर ह्या बाजूचं जग बंद. एकतीस वर्सं झाली. — न्हाय न्हाय, त्याचा मला राग न्हाय. तो जुना विषय. मी आपलं सांगितलं.

तुमी विचारताय प्रितमचं. तर ऐका. माझी एकच पोरगी, मनाली. फार्मसी केलंय तिनं, कल्याणला जायची कॉलेजला, आन् प्रितम बी तिकडंच. जमलं त्यांचं. मला कळलं तवा मी ताट सारून उठलो. दापोड्यात दुसरा कोणी मिळाला न्हाय का हिला? पण कमळ — बायको माझी — ती बोलली, अहो, आता काय तुमी त्यांच्या होडीवर हायात का, आपलं बी गोदाम हाय, भाडं येतंय, बरोबरीचे हाओत आपण. आन् शेठ स्वतः घरी आला, इथं, तुमी बसलात तिथंच बसला, बोलला, "बाळारामभाऊ, पोरांच्या मनाचं करू." बाळ्याचा बाळारामभाऊ झाला. मला — खोटं कशाला बोलू — मला गोड वाटलं ते. साखरपुडा झाला, मोठा, मंडप घालून.

आन् मंग ती सहल. दिवाळी झाल्यावर, तीन वर्सांमागं. प्रितमनं मोबाईलवर शोधून काढली. बोलला सगळे मालदीवला जातात, आपण काय तरी वेगळं बघू. अंदमानला एक बेट हाय, त्याच्यातून अजून धूर निघतो, त्याच्या बाजूच्या समुद्रात पाण्याखाली ज्वालामुखीचा खडक हाय, तो बघायला बोट नेतात. सहाच माणसं घेतात, सहाच्या वर सातवा न्हाय. आमी बरोबर सहा — ते तिघं, शेठ, त्याची बायको काशीवहिनी, प्रितम. आन् आमी तिघं. विमानात बसायच्या आधी मनाली मला बाजूला घेऊन बोलली, "बाबा, तिकडं डुबीचं काय काढू नका हां." मी बोललो, मी कशाला काढू. "न्हाय, म्हणजे उगीच विषय होतो," बोलली. लाज न्हाय वाटत तिला माझी, तसं समजू नका — पोर मोठ्या घरात चालली होती, तिला वाटलं असंल बाप बापासारखा दिसावा.

सकाळी निघालो, चार तास बोट. काशीवहिनींना उलट्या. कमळ डोळे मिटून देवाचं नाव घेत बसलेली. आन् मंग ते बेट आलं. काळं. म्हंजे असं काळं मी बघितलंच न्हाय कवा — वर राख, मधून धुराची एक रेघ, आन् खाली समुद्र निळाशार, आन् त्या निळ्यात, पाव्हणे, तळ दिसत होता. मी कडेला वाकलो आन् वाकूनच राह्यलो. बावीस वर्सं मी पाण्याच्या तळाला होतो आन् तळ कवा बघितला न्हवता. हाताला लागायचा, पायाला लागायचा, पण डोळ्यानं न्हाय. इथं वीस-पंचवीस फुटांवर एकेक दगड मोजून घ्यावा असा. गोल गोल, एकावर एक रचलेले, गादीच्या दुकानात उशा रचतात तशा. त्यांच्यामधून पिवळे मासे. गाईड होता एक, पन्नाशीचा, तिकडचाच, हिंदी बोलायचा — तो सांगत होता, "ये सब लावा है. समंदर में गिरते ही ऊपर से ठंडा, अंदर से गरम, इसलिए तकिये जैसा गोल हो गया." आन् मी — विसरलो हो. पोरीनं सांगितलेलं विसरलो. बोलून गेलो, "अरे हाच फत्तर! आमच्या खाडीत रेती संपली की खाली हाच लागतो, पायाला कळतो, असाच गुळगुळीत, असाच गोल." गाईड खूश झाला. बोलला, सही बात है भाईसाब, आपका पूरा इलाका लावा का है, आपने कहाँ देखा? मी तोंड उघडायच्या आत शेठ बोलला. "ये? ये हमारा आदमी था. हमारे बोट पे रेती निकालता था." हमारा आदमी. आन् मंग माझ्या पाठीत थाप मारून, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं — "बाळ्या, बघतोस काय! मार डुबी! एक बादली काढून आण, वहिनीला दाखव कसा जायचास!"

हसले सगळे. काशीवहिनी त्या उलट्यांतून हसल्या. प्रितम हसला. कमळनं मान खाली घातली. आन् मनाली — ती बी हसली. लगेच तोंडावर हात ठेवला तिनं, पण हसली. मी बघितलं.

मी बाकावर जाऊन बसलो, हात मांडीवर ठेवून. मनात बोललो, आता काय बी होऊ दे, बाळाराम ह्या माणसासमोर पाण्यात उतरणार न्हाय. आता ह्यानं सांगितलं म्हणून मी कवाच पाण्यात उतरणार न्हाय.

आता तुमच्या कामाचं सांगतो, नीट ऐका. पोरं उतरली पाण्यात. तोंडाला काच, नळी, अंगात ती नारंगी जाकीटं. पोहता दोघांनाबी येत न्हाय — हो, माझ्या पोरीला बी न्हाय. मी तिला पाण्याजवळ जाऊच दिलं न्हाय लहानपणी, बोललो ह्या घरातलं ते एवढ्यावर संपलं. प्रितमकडं पाण्यातला फोटोचा कॅमेरा होता. तो तिला बोलला, जाकीट फुगलेलं दिसतंय, पट्टे जरा ढिले कर. केले तिनं. गाईड बोटीच्या मागं शिडीवर काशीवहिनींना वर घेत होता, त्या बी जरा पाण्यात उतरल्या होत्या, तिथं बी उलटी झाली. बोट चालवणारा इंजिनाजवळ, बोट खडकावर जाऊ नये म्हणून. आन् एक लाट आली. मोठी न्हाय, नुसती पाठ वर केली समुद्रानं. जाकीट पोरीच्या डोक्यावरून निघून गेलं. काचेत पाणी शिरलं. तिनं प्रितमचा गळा धरला — कुणाचा धरणार, तोच शेजारी. दोघं खाली गेली, वर आली. आन् त्यानं काय केलं? त्याच्या अंगात जाकीट होतं हां, घट्ट बांधलेलं, तो बुडणारच न्हवता, तरी त्यानं गुडघा वर घेतला, पाय तिच्या छातीवर ठेवला, आन् ढकललं. लाथ मारली. बुडत्या माणसाला लाथ! जिच्याशी दीड महिन्यानं लगीन होतं तिला. आन् हा शिडीकडं हात मारत आला, आईला बाजूला सारून वर चढला. पोरगी खाली गेली.

असा हाय प्रितम. द्या तुमची बाप नसलेली पोर त्याला. खुशाल द्या.

वाचली हो, वाचली. गाईडनं काढली. दोन दिवस तिथल्या दवाखान्यात ठेवली, छातीत पाणी गेलं होतं. घरी आल्यावर मी साखरपुड्याचं सगळं सामान एका टोपलीत घातलं आन् भर दुपारी, गल्ली बघत असताना, त्यांच्या ओट्यावर नेऊन ठेवलं. तर ह्यांनी काय उठवलं? पोरीला फिट येते. पाण्यात फिट आली, आमच्या पोरानं वाचवायला बघितलं. हळदीकुंकवात, बारशात, सगळीकडं काशीवहिनी हळूच बोलायच्या, "चांगली पोरगी हो, पण बिचारीला फिट येते." फार्मसी झालेल्या पोरीला! तवा मी ठरवलं. ठरवलं म्हंजे — आपण काय करायचं न्हाय. भांडायचं न्हाय, पोलिसात जायचं न्हाय. फक्त इथं ओट्यावर बसायचं. चौकशीला येणारा माणूस समोरच्या घरी विचारल्याशिवाय जात न्हाय. वसईचे आले, त्यांना सांगितलं. शहापूरचे आले, त्यांना सांगितलं. दिघाशीचे तर साडी घेऊन ठरवायलाच आले होते, वाट विचारायला इथं थांबले — त्यांची गाडी मी हितूनच माघारी फिरवली. तीन. तुमी चौथे. शेठ आता केस रंगवत न्हाय, बघितलं का? रोज संध्याकाळी त्या गच्चीत उभा राहून माझ्याकडं बघतो. मी बी बघतो. बोलत न्हाय आमी. त्यानं एकदा इथं यावं, एवढंच हाय माझं. यावं, हात जोडावे, आन् बोलावं, बाळारामभाऊ, आता पुरे. मंग बघू.

काय? मोठ्यानं बोला. — मी? मी काय केलं म्हंजे? — सांगितलं ना, गाईडनं काढली. — हां, मी बोटीतच होतो. बसलेला. — अहो कान! कानाचं काय सांगतोय मी मघापासून. डॉक्टरनं सक्त मनाई केलीय, खोल पाण्यात जायचं न्हाय, दुसरा बी पडदा फुटंल. कमळला विचारा. — मोबाईल? कुठला मोबाईल? — हां, तो घाटावरचा. ते — ते उथळ होतं. — न्हाय, पुरुषभर असंल. दीड पुरुष. — तुमी वकील हायात का हो? दिघाशीवाल्यांनी न्हाय विचारलं असलं काय. त्यांना डुबीचं सांगितलंच न्हवतं मी. तुमाला कशाला सांगत बसलो कुणास ठाऊक, बाप न्हाय बोललात पोरीला, म्हणून जरा — 

बसा. बसा बोलतो ना. उठू नका असे.

पंधरा फूट. जास्त न्हाय. ती पंधरा फुटांवर होती, त्या काळ्या उशांच्या वर, लाल कपडे, केस सगळे वर आलेले. मी झोपेत जाऊन काढलं असतं. पंधरा फुटाला मी डुबी बोललोच न्हाय कवा. मी उठलो बी होतो — अर्धा उठलो होतो. आन् शेठकडं नजर गेली. शेठ कडेला उभा, दोन्ही हात कठड्यावर, पांढरा पडलेला. त्याला बी पोहता येत न्हाय, बावीस वर्सं रेतीचा धंदा केला आन् गुडघ्यावर पाणी लागू दिलं न्हाय त्यानं. तो वळला माझ्याकडं. त्याला कळलं होतं की बोटीत हे करणारा एकच माणूस हाय. आन् मला कळलं की त्याला कळलंय. तोंड उघडलं त्यानं, आन् मी — मी थांबलो. त्यानं बोलावं म्हणून. आता बोल. आता बोल मला, बाळ्या, मार डुबी. हसून बोल. न्हायतर हात जोडून बोल. काय बी बोल, पण तू बोल, मंग मी जातो. मी बसलो परत, हात मांडीवर. आन् सवय बगा, मोजायला लागलो. एक, दोन, तीन. मला म्हाईत होतं माणूस किती टिकतो, त्या आकड्यांवर तर जगलो मी. बोललो तिसापर्यंत काय होत न्हाय, तिसापर्यंत टिकते. पण ते डुबीवाल्याचे तीस हो, छातीत हवा भरून गेलेल्याचे. तिच्या छातीत हवा कुठली? लाथ बसलेली. ते माझ्या डोक्यातच आलं न्हाय. की आलं — आलं असंल. शेठचे ओठ हलत होते, आवाज निघत न्हवता. तेरा. चौदा. त्याचे डोळे असे पाण्यानं भरलेले, आन् मला — तुमी मला कायबी बोला — मला त्या वक्ताला बरं वाटत होतं. एवढ्या वर्सांत पयल्यांदा तो खाली होता आन् मी वर. सतरा. सतराला गाईडनं बाजूनं सूर मारला. सतरापर्यंत मोजलं मी. अठरावा आकडा मी काय केला असता, मला म्हाईत न्हाय. मी रोज सांगतो स्वतःला की अठराला मी उडी मारणार होतो.

माणसाला कान दोन असतात. पोरगी एकच होती मला.

कुणालाच म्हाईत न्हाय हे. कमळचे डोळे मिटलेले होते, तिला वाटतं मी कानामुळं न्हाय गेलो, अजून लोकांना सांगते, ह्यांचा जीव तुटत होता पण कान. शेठला अर्धं म्हाईत हाय, पण तो काय तोंडानं सांगणार? आन् मनालीला. तिला सगळं. पाणी तसं होतं ना. खाडीत खालून वर बघितलं तर चिखल दिसतो, कोण वर काय करतंय ते देवाला ठाऊक. तिथं खालून वर सगळं साफ. बोट, बोटीची कड, कडेवरचा बाप. गाईडनं तिला वर घातली, उलटी झाली, खोकली, आन् डोळे उघडले ते प्रितमकडं न्हाय बघितलं तिनं. माझ्याकडं. मी तोवर गुडघ्यावर बसून रडत होतो, बाळा बाळा करत होतो, पाठ चोळत होतो. तिनं माझा हात धरून बाजूला केला. हळूच. मारला न्हाय, झिडकारला न्हाय. बाजूला ठेवला.

मंग पुण्याला नोकरी लागली तिला. मी ठरवलं होतं जायच्या दिवशी काय तरी बोलायचं. तिला बस स्टँडवर सोडायला गेलो, बॅग वर ठेवली, आन् बोललो, त्या हरामखोराला मी सोडणार न्हाय, त्याचं लगीन ह्या जन्मी होऊ देणार न्हाय, तू बघच. ती खिडकीतून बोलली — खिडकी माझ्या उजव्या कानाकडं होती, सगळं ऐकू आलं — "तो घाबरला होता, बाबा. तुम्ही घाबरला नव्हतात." एवढंच. काच लावून घेतली. दोन वर्सं झाली. आईला फोन करते, रविवारी. मी समोर बसलेला असतो, कमळ विचारते, बाबांशी बोलतेस? मंग तिकडून काय तरी काम निघतं.

काय? — प्रितम? आता त्याचं काय? — आला होता की. दवाखान्याच्या दारात बसून होता दोन दिवस, मी आत सोडला न्हाय. इथं बी आला तीनदा. ओट्यावर डोकं ठेवून रडला, बोलला, काका, मला काय झालं मला कळलं न्हाय, मला एकदा तिच्या पाया पडू द्या. आईनं ते फिटचं उठवलं तवा घरात भांडला बोलतात, महिनाभर आईशी बोलला न्हाय. आन् आता ठाण्याला तलावावर जातो पोहायला शिकायला, एवढा मोठा घोडा लहान पोरांत — पण ते तुमी कशाला धरून बसता? लाथ मारली ना त्यानं? ते मी डोळ्यानं बघितलंय. ते खरं हाय की न्हाय? मी खोटं एक अक्षर सांगितलंय का तुमाला? वसईवाल्यांना न्हाय, शहापूरवाल्यांना न्हाय, कुणालाच खोटं सांगितलं न्हाय मी. जेवढं सांगितलं तेवढं खरंच सांगितलं.

उठलात? — बसा हो, अजून — बरं. असू दे. पाणी तसंच राह्यलं तुमचं. असे हात कशाला जोडताय मला? मी काय केलंय तुमच्यासाठी? — जा. या. अंबाडीचा रस्ता डावीकडून, ट्रक असतात, जपून. — डावीकडून बोललो. अहो — पाव्हणे! तिकडं कुठं? ते त्यांचं फाटक हाय! — ऐकलंत ना सगळं तुमी? लाथ मारली त्यानं! लाथ —

गेले आत.

जाऊ दे. जाऊ दे, मला काय.

— कोण? — अगं, तू? आवाज तरी द्यायचा. — कोण न्हाय, अंबाडीचा एक माणूस होता, शेठचं घर विचारत होता. दाखवलं. — न्हाय गं, काय न्हाय सांगितलं मी, काय सांगणार? — काय झालं? अशी काय बघतेस? — कमळ. — कवापासून उभी हायेस तू तिथं?